कोंबड्याची जात आणि त्याची भावंडं

(गुरुजींच्या स्मृतिदिनी भरणाऱ्या व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



'बँटम' हा शब्द आपल्यातल्या बहुतेकांच्या कानावर पडला तो खाशाबा जाधवांमुळे. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरच्या या पैलवानानं कांस्यपदक आणलं ते बँटमवेट गटात, म्हणजे ५७ किलोच्या गटात. बँटम म्हणजे काय, हे तेव्हा फार कुणी विचारलं नसेल. बँटम म्हणजे ठेंगू कोंबडा. अंगानं मूठभर, पण दुप्पट वजनाच्या कोंबड्यासमोर मान फुगवून उभा राहणारा. मुष्टियुद्धाच्या आखाड्यात हलक्या वजनाच्या गटाला नाव दिलं गेलं ते याच पक्ष्यावरून, आणि तिथून ते कुस्तीत आलं.

नाव मात्र मूळचं गावाचं आहे. जावा बेटावर बांतेन नावाचं बंदर आहे. सतराव्या शतकात इंग्रज आणि डच व्यापाऱ्यांची गलबतं मिरी भरायला तिथं लागत. खलाशांनी तिथून छोट्या चणीच्या कोंबड्या सोबत नेल्या आणि बंदराचं नाव पक्ष्याला चिकटलं. आज हेच नाव आपल्या जिल्ह्यातही ऐकू येतं. श्रीरामपूर, राहुरी, संगमनेर, कुठल्याही कृषी प्रदर्शनात जा, एका कोपऱ्यात जाळीच्या पिंजऱ्यात हौशी पक्षी असतात आणि तिथं शाळकरी पोरांची सगळ्यात जास्त गर्दी असते. विकणारा सांगतो, "प्युअर बँटम आहे, दादा." घेणारा विचारतो, "कशावरून?" आजचं माझं व्याख्यान या 'कशावरून'वर आहे.

मी पशुसंवर्धन खात्यात नोकरी केली. बहुतेक वर्षं याच जिल्ह्यात गेली. गायी-म्हशी, शेळ्या, कोंबड्यांच्या मानमोडी रोगाच्या लसी यांत दिवस जायचे. प्रदर्शनात परीक्षक म्हणून बसवायचे तेव्हा जनावरांबरोबर कोंबड्याही माझ्याकडे यायच्या, कारण दुसरं कुणी ते काम घ्यायला तयार नसायचं. म्हणून आधी हे काम हातानं कसं होतं ते सांगतो.

कोंबडा पिंजऱ्यातून काढताना त्याला आधी तुमची सवय होऊ द्यायची. घाईनं हात घातला तर तो फडफडतो, शेपटीचं पीस मोडतं आणि मालकाचं वर्षाचं काम वाया जातं. डावा तळहात छातीखाली सरकवायचा, दोन्ही पाय बोटांमध्ये अलगद धरायचे, तोंड आपल्याकडे ठेवायचं. पक्षी तळहातावर टेकला की शांत होतो. हातात आल्याबरोबर पहिली गोष्ट कळते ती वजन आणि छातीचं हाड. हाड सरळ आहे की वाकडं, हे बोटांना डोळ्यांच्या आधी समजतं. मग तुरा. एकेरी तुरा असेल तर दाते मोजायचे आणि तुऱ्याच्या बाजूला एखादा जास्तीचा कोंब फुटला आहे का ते पाहायचं. तो असला तर पक्षी बाद. कानाची पाळी लाल की पांढरी, डोळ्याची बाहुली गोल की चिरलेली, चोच सरळ की कातर. उजव्या हातानं पंख उलगडायचा. टोकाकडची दहा मोठी पिसं आणि आतली पिसं यांच्या मधे एक आखूड पीस असतं. ते नसलं की पंख उघडताच फट दिसते. शेवटी पाय. बोटं चार की पाच, नळीचा रंग कोणता, आणि ज्या जातीचे पाय स्वच्छ हवेत तिच्या खवल्यांच्या फटीतून एखादं बारीक पीस डोकावतंय का. हे पीस मालक आदल्या रात्री उपटून येतात. म्हणून खवल्यावरून अंगठा उलटा फिरवायचा. उपटलेल्या जागी बारीक खड्डा लागतो.

हे सगळं तीन-चार मिनिटांत होतं. मग पक्षी परत पिंजऱ्यात ठेवून दहा पावलं मागं जायचं आणि नुसतं बघायचं. कारण बऱ्याच जातींत भरपूर गुण ठेवणीला असतात, आणि ठेवण हातात कळत नाही. पक्षी आपल्या पायांवर उभा राहिला, त्यानं मान टाकली, शेपूट उचलली, तरच ती दिसते. बाजारात बैल पाहणारे तुम्ही लोक. आधी दात, भोवरे, खूर बघता आणि मग म्हणता, "जरा चालवून दाखवा." तेच इथं.

बँटमच्या जातीही पुष्कळ आहेत, आणि एकीचं भूषण ती दुसरीची खोट. सेब्राइट घ्या. सर जॉन सेब्राइट नावाच्या इंग्रज जमीनदारानं दोनशे वर्षांपूर्वी ही जात घडवली. हिच्या प्रत्येक पिसाला काळी किनार हवी, जणू कुणी बारीक ब्रशनं काठ ओढला आहे. आणि हिच्या कोंबड्याला कोंबड्यासारखी टोकदार मानेची पिसं किंवा कमानदार शेपूट असून चालत नाही. त्याची पिसं कोंबडीसारखीच गोल हवीत. वजन सव्वासहाशे ग्रॅमच्या आतबाहेर. दुसऱ्या एखाद्या जातीच्या कोंबड्याची पिसं अशी निघाली तर परीक्षक त्याला उचलून बाजूला ठेवील. पेकिन बँटमचे पाय पिसांनी झाकलेले हवेत आणि उभं राहताना डोकं शेपटीपेक्षा किंचित खाली हवं. जपानी बँटम, ज्याला जपानी लोक चाबो म्हणतात, त्याचे पाय इतके आखूड की पंखांची टोकं जमिनीला टेकतात आणि शेपूट सरळ उभी राहून डोक्याच्या वर जाते.

या चाबोनंच मला एक धडा शिकवला. तो सांगण्यासाठी मी आज इथं उभा आहे, असं म्हटलं तरी चालेल.

नोकरीच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. एका तालुक्याच्या प्रदर्शनात सातवी-आठवीतली एक मुलगी तीन पक्षी घेऊन आली होती. तिचे वडील भाजीच्या ट्रकवर मुंबईला जायचे. क्रॉफर्ड मार्केटातून त्यांनी कधीतरी चाबोची जोडी आणली होती. घरच्या खुडूक कोंबडीखाली मुलीनं अंडी ठेवली आणि त्यातून वाढवलेल्या तीन तलंगा ती घेऊन आली. दोघी आखूड पायांच्या, अगदी चित्रातल्यासारख्या. तिसरीचे पाय मात्र लांब. बाकी सगळं तसंच, शेपूट तशीच उभी, पण ती जमिनीपासून वर उचललेली दिसत होती. मी तिसरी बाजूला काढली आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'मिश्र'. मुलगी म्हणाली, "सर, पण तिघीही एकाच रवणातल्या आहेत. आमच्याकडं दुसरा कोंबडाच नाही." मी म्हणालो, "शेजारचा आला असेल गं." तिनं मान खाली घातली. ती रडली नाही, पण पिंजऱ्यावर पोतं टाकून गेली. बक्षीस घ्यायलाही थांबली नाही.

मुलगी खरं सांगत होती. हे मला पुढं कोंबड्यांच्या आनुवंशिकतेवरचं पुस्तक वाचताना कळलं. चाबोचा आखूड पाय एका जनुकामुळे येतो. ते जनुक आईकडून किंवा बापाकडून, कुठल्याही एकाकडून आलं की पाय आखूड होतो. दोघांकडून आलं तर पिल्लू अंड्यातच मरतं. म्हणजे जिवंत असलेल्या प्रत्येक आखूड पायाच्या चाबोकडे हे जनुक एकेरीच असतं. असे दोन पक्षी जोडले की सरासरीनं चार अंड्यांमागं एक पिल्लू बाहेरच येत नाही, दोन आखूड पायांची निघतात आणि एक लांब पायांचं. हा हिशेब कुठल्याही खुराड्यात घडतो, जपानमध्येही घडतो. जी लांब पायांची तलंग मी मिश्र ठरवली ती तिच्या दोन्ही बहिणींइतकीच त्या घराण्यातली होती. उलट तीन पिल्लांत एक लांब पायाचं निघालं, हीच त्या मुलीच्या शब्दाची साक्ष होती, आणि ती मला वाचता आली नाही.

ती मुलगी आता चाळिशीच्या पुढं असेल. ती या सभागृहात असेल तर मी तिची माफी मागतो.

ते पुस्तक वाचलं त्या दिवसापासून मी दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला शिकलो. पक्षी प्रदर्शनाच्या कसोटीला उतरतो का, हा एक प्रश्न. पक्षी जातिवंत आहे का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर परीक्षक पक्षी हातात घेऊन देऊ शकतो. लांब पायाच्या चाबोला प्रदर्शनात बक्षीस नाही, हे बरोबरच आहे, कारण कसोटीत आखूड पाय लिहिलेला आहे. माझी चूक तिला नाकारण्यात नव्हती. 'मिश्र' हा शब्द लिहिण्यात होती. त्या शब्दासाठी लागणारा पुरावा माझ्यासमोर नव्हता. तो होता त्या मुलीच्या घरच्या खुराड्यात, बाकीच्या भावंडांत, आणि न फुटलेल्या अंड्यांत.

आता याची उलटी बाजू बघा, कारण आपल्या शेतकऱ्यांचे पैसे तिथं जातात. कडकनाथ सगळ्यांना माहीत आहे. झाबुआचा काळा कोंबडा. २०१८ मध्ये त्याच्या मांसाला भौगोलिक मानांकन मिळालं. पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये, सांगली जिल्ह्यातून कडकनाथ पालनाच्या योजनेची मोठी फसवणूक उघडकीस आली. तो पैशांचा मामला होता, मी त्यात शिरत नाही. पण त्या काळात माणसं माझ्याकडे पक्षी घेऊन यायची, पिसं फुंकून कातडी दाखवायची, चोच उघडून काळी जीभ दाखवायची आणि विचारायची, "साहेब, अस्सल आहे ना?"

कडकनाथचा काळेपणा दोन गोष्टींवर अवलंबून असतो. एक, काळं रंगद्रव्य अंगभर पसरवणारं जनुक. हे जोरकस आहे, एकाच बाजूनं आलं तरी चालतं. दुसरं, तो काळेपणा दाबून ठेवणारं जनुक. पिवळ्या किंवा पांढऱ्या पायाच्या कोंबड्यांत ते बहुधा असतं, आणि ते लिंगाशी जोडलेलं असतं. आता कडकनाथ कोंबडा आणि पिवळ्या पायाची गावरान कोंबडी अशी जोडी लावा. कोंबड्यांमध्ये मादीला हे दाबणारं जनुक फक्त बापाकडून मिळू शकतं, आणि बाप कडकनाथ असल्यामुळे त्याच्याकडे ते नाही. म्हणून या जोडीच्या तलंगा काळ्या निघतात. कातडी काळी, जीभ काळी, पाय काळे. अर्ध्या रक्ताच्या असूनही. त्यांच्या भावांना मात्र आईकडून ते दाबणारं जनुक मिळतं, आणि भाऊ उजळ निघतात. इंग्लंडमध्ये बेटसन आणि पनेट यांनी शंभरावर वर्षांपूर्वी रेशमी पिसांच्या सिल्की कोंबड्यांवर हाच खेळ तपासून दाखवला होता.

विकणारा काळ्या तलंगा बाजारात आणतो आणि उजळ भाऊ घरी कापून खातो. तुमच्यासमोर फक्त बहिणी येतात. त्यांच्यावर तुम्ही कितीही फुंकर घाला, त्या काळ्याच दिसणार. म्हणून मी माणसांना एकच सांगत आलो: भाऊ दाखव म्हणा. एकाच खेपेला निघालेली सगळी पिल्लं दाखव म्हणा. ज्याच्याकडे दाखवायला भाऊ नाहीत त्याच्याकडून घेऊ नका.

इथं एक शब्द जरा उलगडतो. आपण म्हणतो 'अस्सल'. कचेरीत 'अस्सल प्रत' म्हणतो, एखाद्याला 'कमअस्सल' म्हणून हिणवतो. हा शब्द अरबी 'असल'वरून आला; असल म्हणजे मूळ, मुळी. आणि भारतातली सर्वांत जुनी नावाजलेली कोंबड्यांची जात कोणती? असील. तेही त्याच मुळातून आलेलं. झुंजीचा कोंबडा, ज्याच्या घराण्याची याद ठेवली जाते तो असील. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं झुंजी लावणं हा गुन्हा ठरला, आणि ते योग्यच झालं. पण असील पाळणाऱ्यांकडून घेण्यासारखी एक गोष्ट आहे. ते कोंबड्याची आई विचारतात, बाप विचारतात, आजा विचारतात. कोंबड्याचं रूप त्यांना पुरत नाही.

मग प्रदर्शनाची ही लिखित कसोटी आली कुठून? ब्रिटनमध्ये १८३५ आणि १८४९च्या कायद्यांनी कोंबड्यांच्या झुंजी बंद केल्या. हौस कायद्यानं बंद होत नाही. ती प्रदर्शनांकडे वळली. १८४५ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयाच्या आवारात कोंबड्यांचं प्रदर्शन भरलं. निकालांवरून भांडणं व्हायला लागली तेव्हा १८६५ मध्ये लंडनमध्ये कसोट्यांचं पहिलं पुस्तक निघालं. अमेरिकेत तसं पुस्तक १८७४ मध्ये आलं. त्या पुस्तकांत प्रत्येक जातीचं वर्णन, तुऱ्यापासून नखापर्यंत गुणांची विभागणी. मी या पुस्तकांना कमी लेखत नाही. त्यांच्यामुळे परीक्षकाची मर्जी चालेनाशी झाली, आणि एखाद्या खेड्यातला पोरगाही पुस्तक उघडून विचारू शकतो की माझे गुण कुठं कापले.

पण ही पुस्तकं निसर्गानं लिहिलेली नाहीत. चार्ल्स डार्विननं पाळीव प्राण्यांवर १८६८ मध्ये जो ग्रंथ काढला त्यात एक उदाहरण आहे. स्पॅनिश जातीच्या कोंबड्याचा तुरा आधी लोंबता असायचा. परीक्षकांनी ठरवलं की तो ताठ उभा हवा. पाळणाऱ्यांनी निवड सुरू केली आणि थोड्याच वर्षांत तुरा ताठ उभा राहिला. कोंबडा तोच, घराणं तेच, फक्त कागदावरचं वाक्य बदललं. आजही चाबोचा कोंबडा ब्रिटिश पुस्तकात सहाशे ग्रॅमच्या आत बसवलेला आहे, आणि अमेरिकन पुस्तकात तोच सातशेच्या पुढं चालतो. लंडनला जिंकणारा पक्षी शिकागोला वजनात कमी पडेल. तो जातिवंत नाही असं म्हणता येईल का?

आणि फार मागं गेलं तर 'शुद्ध' हा शब्दच सैल व्हायला लागतो. डार्विनचं मत होतं की सगळ्या पाळीव कोंबड्या लाल रानकोंबड्यापासून आल्या. २००८ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवून दिलं की पाळीव कोंबड्यांच्या पिवळ्या कातडीचं आणि पिवळ्या पायांचं जनुक लाल रानकोंबड्याचं नाही. ते राखी रानकोंबड्यातून आलेलं आहे. राखी रानकोंबडा म्हणजे आपल्या सह्याद्रीतला. ज्याच्या मानेच्या पिसांवर मेणाच्या थेंबासारखे ठिपके असतात तो. जगभरच्या किती तरी नामांकित जातींच्या कसोटीत 'पिवळे पाय' असं लिहिलेलं आहे, आणि ते पिवळे पाय भारतातल्या जंगलातल्या कोण्या जुन्या संकराची खूण आहेत. मला याचा अभिमान वाटतो. आणि शुद्धतेच्या गप्पा ऐकताना मी हे विसरत नाही.

मग जात म्हणजे काय? माझं उत्तर साधं आहे. जात पिढ्यांत असते. दहा पिढ्यांपूर्वी कुठून काय मिसळलं याला महत्त्व कमी. गेल्या पाच-सहा पिढ्यांत एकासारखी दुसरी पिल्लं निघत आली का, आणि जी वेगळी निघाली ती का निघाली हे सांगता येतं का, याला महत्त्व जास्त. ज्याला सांगता येतं त्याच्याकडे जात आहे. ज्याला फक्त एक देखणा कोंबडा दाखवता येतो त्याच्याकडे एक देखणा कोंबडा आहे.

आता आपल्या जिल्ह्याकडे येतो. आपल्या एका तालुक्याचं नाव देशभर जातं ते शेळीमुळे, संगमनेरी शेळी. कर्नालला राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरो ही १९८४ मध्ये स्थापन झालेली संस्था आहे. देशातल्या पाळीव जनावरांच्या जातींची नोंद तिथं होते. तिथल्या यादीत संगमनेरी आहे. तिचा रंग एक नाही. पांढरी असते, काळी असते, तपकिरी असते, कबरी असते. परक्या परीक्षकाला ती एक जात वाटणारच नाही. पण कान, नाक, शिंगं, अंगाची ठेवण, दूध, मांस आणि या भागात तिनं काढलेल्या पिढ्या यांवरून तिची जात ठरली. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं तिच्यावर वर्षानुवर्षं काम केलं आहे.

अकोले तालुक्याच्या डोंगरात डांगी ही गुरांची जात आहे. मुसळधार पावसात उभी राहणारी, तेलकट कातडीची, काळ्या टणक खुरांची. राजूरला डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं तेव्हा पाहा. तिथं शेतकरी बैलाच्या पाठीवर हात फिरवून बोटं एकमेकांवर घासतो. बोटं चिकट लागली तर मान हलवतो. कुठल्या पुस्तकात वाचून त्यानं ते शिकलेलं नाही. रंगावरून पारा, बहाळा, मणेरी अशी नावं त्यानंच दिली. लिखित कसोटी नंतर आली. आधी या लोकांचा तळहात होता.

कोंबडीच्या बाबतीत मात्र आपल्या जिल्ह्याचं नाव कुठल्याच नोंदीत नाही. देशात नोंदलेल्या कोंबड्यांच्या जाती विसाच्या घरात आहेत. त्यांत महाराष्ट्राच्या वाट्याला एक, तीही गुजरातशी वाटून घेतलेली: बसरा. नंदुरबार-धुळे आणि लगतच्या गुजरातमधली. छोटी, सावध, हलक्या अंगाची. वजन साधारण किलोभर, फार तर सव्वा किलो, आणि वर्षाला अंडी पन्नासच्या आसपास. आपल्या राज्यात बँटमच्या सर्वांत जवळ जाणारी नोंदलेली कोंबडी हीच. आणि तिच्याच मुलखात, नवापूरला, फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला. रोग मोठ्या पोल्ट्रीत उघडा पडला, पण परिसरातल्या घरोघरच्या कोंबड्याही माराव्या लागल्या. रोग पसरू नये म्हणून ते करणं भाग होतं, मी खात्याचा माणूस आहे, मला ते माहीत आहे. पण बसराची नोंद कागदावर आहे, म्हणून तिथं काय गेलं हे आपण निदान नावानिशी सांगू शकतो.

अकोल्याच्या वाड्या-पाड्यांवर महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबांच्या अंगणात जी कोंबडी फिरते, तिला आपण 'गावरान' म्हणून मोकळे होतो. मी त्या अंगणांत लसीची पेटी घेऊन वर्षानुवर्षं फिरलो. काही वाड्यांवर छोट्या चणीच्या, बुटक्या कोंबड्या पाहिल्या. घारीची सावली पडली की पिल्लं कुशीत घेऊन गप्प बसणाऱ्या. पावसाच्या चार महिन्यांत चुलीमागच्या डालग्यात निभावून जाणाऱ्या. ही वेगळी जात आहे असं मी म्हणणार नाही. तेवढा पुरावा माझ्याकडे नाही, आणि पुराव्याशिवाय शेरा लिहिण्याचं फळ मी एकदा भोगलं आहे. पण वेगळी नाही, असं म्हणायलाही पुरावा नाही. आणि सुधारित जातींची पिल्लं दरवर्षी वाटली जात आहेत. त्यांची अंडी जास्त, शेतकऱ्याचा फायदा खरा. मी स्वतः ती वाटली आहेत. पण त्यांचे कोंबडे अंगणात सुटले की पाच वर्षांत मोजायला जुनं काही उरत नाही.

याच तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणं जपलं, बायफ या संस्थेच्या साथीनं बीज बँक उभी केली, आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्याकडे प्रत्येक वाणाला नाव आहे, ते कुठून आलं याची याद आहे. बियाण्याचं जे झालं ते कोंबडीचंही होऊ शकतं.

नोंदी ठेवण्याची गोष्ट निघाली, म्हणून ज्यांच्या स्मृतिदिनी आपण जमलो त्या गुरुजींची आठवण इथं सांगितली पाहिजे. ते रोज सकाळी शाळेच्या अंगणात ठेवलेल्या भांड्यात पडलेला पाऊस मोजायचे आणि वहीत लिहायचे. किती वर्षं, ते त्यांच्या घरच्यांना ठाऊक. कुणी सांगितलं नव्हतं, कुठं पाठवायचं नव्हतं. त्या वह्या आज घरात आहेत आणि त्यांतला आकडा पुढच्या माणसाला जुना पाऊस सांगतो.

म्हणून तरुण मंडळींना, विशेषतः हौसेनं बँटम पाळणाऱ्यांना, माझं सांगणं आहे. तुमच्या हातात कौशल्य आहे. पक्षी धरता येतो, पिसं वाचता येतात. तुम्ही बँटम जरूर पाळा, प्रदर्शनात न्या, बक्षिसं जिंका. प्रत्येक पक्ष्याच्या पायात नंबराची कडी घाला. कोणत्या जोडीची किती अंडी ठेवली, किती फुटली, किती नाही, कोण कसं निघालं, हे लिहा, आणि वेगळं निघालेलं पिल्लू लपवू नका. ते सर्वांत आधी लिहा. आणि हेच कौशल्य घेऊन महिन्यातून एक रविवार अकोल्याच्या एखाद्या वाडीवर जा. सोबत साधा वजनकाटा आणि मोजपट्टी पुरे. घरच्या बाईला विचारून तिच्या कोंबड्यांचं वजन घ्या, तुऱ्याचा आकार, कानाच्या पाळीचा आणि पायाचा रंग, बोटं, अंड्याचं वजन, वर्षात किती वेळा खुडूक बसते, सगळं लिहा. तिची आई कुणाच्या घरून आली, तेही विचारा. बायकांना ते पाठ असतं. तीन पिढ्यांची अशी नोंद, शेकडो पक्ष्यांची, हातात आली की विद्यापीठाकडे जाता येईल आणि तिथून कर्नालला अर्ज करता येईल.

व्याख्यान संपल्यावर मी दाराशी थांबणार आहे. दोनशे पानी वीस वह्या आणल्या आहेत, रकाने आखून. ज्यांना काम करायचं आहे त्यांनी नाव आणि गाव सांगून एकेक घेऊन जावी.